मत नसलेली उमेदवार

त्या गुरुवारी सकाळी आपण एसीची जाळी धुतली, शालन. मी स्टुलावर चढलो होतो आणि तू खाली दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतंस.

"आवं, हलू नगा. पडलासा तर मला उचलायचं न्हाई."

"तू धर नीट."

"धरलंय की. एवढी वर्सं धरूनच हाय."

जाळी काढली तर तिच्यावर धुळीचं घोंगडं बसलेलं. पंधरा दिवसांमागं तर धुतली होती. तू ती बादलीत बुडवलीस आणि पाणी चहासारखं झालं. बादलीकडं बघत म्हणालीस, "आपल्या छातीत बी आशीच बसत आसंल न्हाई?" मी म्हणालो, सकाळी सकाळी वाईट बोलू नको.

आपल्या दोहातल्या बिन महमूदच्या बिल्डिंगीपुढचा रस्ता तेव्हा तिसऱ्यांदा खणला होता. वर्ल्ड कपला चार महिने उरले होते आणि सगळं शहर कुणीतरी मागं लागल्यासारखं धावत होतं. समुद्राकाठच्या कॉर्निशवर ते उलटं घड्याळ बसवलं होतं, रोज एक दिवस कमी दाखवणारं. लोक त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढायचे. तू एकदाच बघितलंस आणि तोंड फिरवलंस. "कुणाचं दिवस मोजतंय ते?" म्हणालीस. मी हसलो होतो.

जाळी गॅलरीत वाळत ठेवली. तू स्वयंपाकघरात गेलीस. दुपारी दोनला मी हाक मारली आणि तू ओ दिली नाहीस.

त्याच्या पुढचं मी लिहीत नाही.

तुझं तेरावं गावी करून मी परत आलो. आपल्या मराठी मंडळाची स्मरणिका करणारी ती नाशिकची नेहा, ती म्हणाली, "काका, काकूंवर दोन पानं द्या ना. त्यांच्या पुरणपोळ्यांबद्दल लिहा, सगळ्यांना आठवतात." पुरणपोळ्यांबद्दल लिहायला मी काय आचारी आहे? मी चौथी शिकलेला माणूस, क्रेनचा मेकॅनिक. दहावीला तू बसली होतीस. घरातलं सगळं लिहिणं तुझ्याकडं होतं, अगदी माझ्या रजेचा अर्जसुद्धा. आता पहिल्यांदाच एवढं लांब लिहायला बसलोय, तर ते तुलाच लिहितो. आणि छापायला मंडळाकडंच देतो. मी जे केलं ते मंडळाच्या सभेत केलं, झाकून केलं. आता चारचौघांत सांगतो.

आधी बालाजी. तुझी सगळी गोष्ट त्याच्यापासून सुरू झाली. औश्याकडचा माणूस, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. स्टेडियमच्या कामावर परांची बांधायचा. इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पात राहायचा आणि तू विकायचीस त्या डब्यांतला एक कंपनीच्या बसवाल्याबरोबर मागवायचा. दर गुरुवारी डब्यात चिठ्ठी यायची, "मावशी, लसूण जास्त." कोरोनाच्या आदल्या वर्षी, भर उन्हाळ्यात, त्याचा डबा भरलेला परत आला. बसवाला म्हणाला, छुट्टी पे गया होगा. दुसऱ्या दिवशीही डबा भरलेला. तू झाकण उघडून बघत बसलीस. भाजी आंबली होती. म्हणालीस, "सुट्टीवर जाणारा माणूस डबा बंद करून जातो."

तिसऱ्या दिवशी कळलं. झोपेतच गेला होता. कागदावर छातीचं लिहिलं होतं. कंपनीकडं जो घरचा नंबर होता तो निघाला मुंबईच्या एजंटाचा, तोही बंद. त्याच्या बायकोला आठ दिवसांनी कळलं. कळलं ते कसं, तर कॅम्पातल्या दुसऱ्या कुणीतरी मोबाइलच्या स्टेटसला त्याचा फोटो हार घालून ठेवला होता आणि तो फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला. ती बाई फोटोला हार कशाला म्हणून विचारत होती.

त्या दिवशी तू जेवली नाहीस. म्हणालीस, "वर्सभर माझ्या हातचं खात होता आणि मला त्याचं गाव ठावं न्हाई. तालुका तेवढा ठावं."

मग तुझ्या डोक्यात ते आलं. दर शुक्रवारी मंडळाच्या दोघा-तिघांनी कॅम्पात जायचं आणि आपल्याकडच्या प्रत्येक माणसाचं नाव, गाव, घरच्यांचा नंबर आणि शेजाऱ्याचा नंबर लिहून ठेवायचा. एवढंच. मी तुला गाडीतून अल दुहैलला बापट साहेबांच्या घरी घेऊन गेलो. ते मंडळाचे अध्यक्ष, मोठ्या कंपनीत मॅनेजर. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणतो. चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काकू, भावना समजते. पण आपलं सांस्कृतिक मंडळ आहे. हे आपल्या कक्षेत बसत नाही."

"मेल्यावर घरी कळवायचं, ह्ये संस्कृतीत बसत न्हाई व्हय?"

साहेब हसले. "तसं नाही हो. कार्यकारिणीत चर्चा व्हावी लागते, आणि तिथं विषय कार्यकारिणीतल्याच माणसाला मांडता येतो."

 परतताना मला वाटलं, खलास, विषय संपला. तू नेहाकडून मंडळाची घटना मागवलीस. सात पानं होती. चष्मा लावून दोन दुपारी वाचलीस, बोट ठेवून. आपल्या मंडळात एका घराला एक मत. ते मत ज्याच्या व्हिसावर घर इथं राहतं त्याचं, म्हणजे नवऱ्याचं. नेहा स्वतः आयटीत नोकरी करते, पण घरचं सभासदकार्ड नवऱ्याच्या नावावर, म्हणून मत नाही. गणपतीला मोदक बायकांनी करायचे, पडदे बायकांनी शिवायचे, आणि निवडणुकीच्या वेळी बायकांनी बाहेर प्रसादाच्या पिशव्या भरत बसायचं. हे सगळं आपल्याला पाठ होतं. पण पाचव्या पानावर तुझं बोट थांबलं. उमेदवार सभासद कुटुंबातला असावा आणि एकवीस वर्षांवरचा असावा, एवढंच तिथं होतं. मत कुणाला, ते बांधून टाकलं होतं. उभं कुणी राहायचं, ते बांधायला विसरले होते. बायका उभ्या राहतील असं कुणाच्या मनातच आलं नसणार.

"आवं, मला मत न्हाई पर उभं ऱ्हायला येतंय."

मी म्हणालो, "येडी का काय तू? आधी मत माग. मत मिळालं की मग उभी राहा. रीत तशी असते."

"मत मागत बसले तर मी इथंच म्हातारी हुईन. आधी उभी ऱ्हाते. उभी ऱ्हायलेली बघितली की मग त्यांस्नी मत द्यायची लाज वाटंल, न द्यायची बी वाटंल."

हा वाद आपला कधी मिटला नाही. मी अजून म्हणतो माझं बरोबर होतं. तू असतीस तर आत्ता ताट आपटलं असतंस.

तू सेक्रेटरीसाठी अर्ज भरलास. सभेत तो वाचला तेव्हा मागून हशा पिकला. एकजण म्हणाला, "वहिनी, स्वतःचं मत नाही आणि आमचं मागताय?" दुसरा म्हणाला, "प्रचाराला पुरणपोळ्या वाटणार असाल तर बघू." तू उठलीस. पदर खोचलेला, हातावर बेसन वाळलेलं.

"वाटणार की. पर खाऊन झाल्यावर भांडी कोन घासणार त्ये आधी हात वर करून सांगा."

तेव्हा बायका हसल्या. बायका सभेत एवढ्या मोठ्यानं हसलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. काही पुरुषांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. माझंही झालं असणार.

पुढच्या आठवड्यात बापट साहेब आमच्या वर्कशॉपला आले. त्यांच्या कंपनीच्या क्रेन आमच्याकडं दुरुस्तीला यायच्या, त्यामुळं येणं-जाणं होतं. पण त्या दिवशी क्रेनकडं त्यांनी बघितलं नाही. मला बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ.

"खोत, साठ पूर्ण झाली ना तुमची?"

"झाली साहेब."

"आता दरवर्षी कंपनीचं पत्र लागणार, व्हिसा वाढवायला."

"इन्शाल्ला मिळेल."

"मिळेल की. मी काही बोलत नाही. पण वहिनींना जरा समजवा. वर्ल्ड कपची कामं चालू आहेत, बाहेरचे पत्रकार फिरतायत. उद्या असली यादी कुणाच्या हातात पडली तर कोणाला बोलावून विचारतील? त्यांचा बताका कोणाच्या जिवावर आहे? तुमच्या. कागदावर नाव तुमचं येणार." बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. ते साहेबांनी माझ्या शर्टाच्या खिशाकडं बोट दाखवून सांगितलं. तिथंच मी ते ठेवतो.

साहेबांनी धमकी दिली नाही. ते खरंच घाबरलेले होते, ते मला दिसत होतं. म्हणूनच मी जास्त घाबरलो. माझ्यापेक्षा दहापट शिकलेला माणूस भितो, म्हणजे काहीतरी असणार. वर्कशॉपच्या पत्र्यावर त्या दिवशी ऊन असं तापलं होतं की पत्रा कडकड वाजत होता. तो आवाज मला पुढं कित्येक दिवस येत राहिला. तुला मी हे कधी सांगितलं नाही.

गणपतीनंतरच्या शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये निवडणूक झाली. मतपेटी म्हणून तुझाच लाडवाचा स्टीलचा डबा आणला होता, झाकणाला दानपेटीसारखी फट पाडून. चिठ्ठीवर हाताने नाव लिहायचं आणि घडी घालून टाकायचं. तू बाहेर बायकांत होतीस, पिशव्या भरत. दारातून एकदा माझ्याकडं बघितलंस. मी मान हलवली.

आणि मी दुसऱ्याचं नाव लिहिलं, शालन.

बाप्पाच्या रिकाम्या मखरापाशी उभं राहून लिहिलं. कोरी चिठ्ठी टाकायचीही अक्कल सुचली नाही. मला वाटलं, चिठ्ठ्या मोजताना अक्षर ओळखतील, माझं वेडंवाकडं अक्षर सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांना कळावं असंच मला वाटत होतं. एवढा मी पडलेलो होतो.

तुला अकरा मतं पडली. हरलीस ते ठरलेलंच होतं. घरी येऊन तू पाट घेऊन बसलीस आणि बोटांवर मोजायला लागलीस. कोल्हापूरचे दोघं भाऊ. नेहाचा नवरा. तो बँकेतला. तो दाढीवाला सर. अशी दहा नावं मोजलीस. मग अकराव्यासाठी पहिलं बोट पुन्हा धरलंस आणि म्हणालीस, "आनि तुमी."

मी म्हणालो, "हां."

तू ते बोट जरा जास्तच वेळ धरून ठेवलंस. मग उठलीस आणि कणीक मळायला घेतलीस.

मी दिलं नव्हतं, मग अकरावं कुणी दिलं? आजवर मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मी एकेकाचं तोंड बघत आलोय. जो कोणी आहे तो हे वाचत असणार. बाबा रे, येऊन सांगू नको. नमस्कार तेवढा घे. नवऱ्यानं करायचं ते तू केलंस.

पुढच्या सभेत कार्यकारिणीनं नियम बदलायला आणला. मला वाटलं, आता बायकांना मत देतील. त्यांनी उलटं केलं. उमेदवार कार्डधारकच असावा, असं लिहून पाचव्या पानावरचं भोक बुजवलं. ते हात वर करून ठरलं. बाजूनं हात वर करा म्हणाले तेव्हा माझे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. विरुद्ध हात वर करा म्हणाले तेव्हाही गुडघ्यांवरच. तू चहाचा ट्रे घेऊन भिंतीपाशी उभी होतीस. सगळं दिसत होतं तुला.

गाडीत तू एवढंच बोललीस, "येसी वाढवा जरा."

त्या दिवशी तुला कळलं का? चिठ्ठीचंही कळलं का? तुला विचारायला माझ्याकडं तीन वर्षं होती. आपण रोज एका ताटाला बसत होतो. मी एसी वाढवला, कमी केला, जाळ्या धुतल्या, आणि विचारलं नाही.

तू मात्र थांबली नाहीस. शाळेची दोनशे पानी वही आणलीस आणि डब्यातून चिठ्ठ्या पाठवायला लागलीस, "नाव, गाव, घरचा नंबर, शेजाऱ्याचा नंबर लिहून डब्यात टाका." डब्याबरोबर उत्तरं यायची, हळदीच्या डागांची. मंडळ नाही, परवानगी नाही, मत नाही. कोरोनात कॅम्प बंद झाले तेव्हा फोनवर लिहून घेतलंस. दोन वह्या भरल्या. मी रोज सांगायचो, ते बंद कर, कुणीतरी विचारील. तू म्हणायचीस, "विचारू दे. मी सांगीन, माझं नाव लिवा." तुझं नाव लिहून काय होणार होतं? खाली माझंच आलं असतं. हेच मी दरवेळी म्हणायचो. लोकांची कंत्राटं संपवून भराभर घरी पाठवत होते, बसा भरून विमानतळावर जात होत्या, कुठल्या इमारतीतून कुणाला कधी हलवतील सांगता येत नव्हतं, आणि माझ्या घरात स्वयंपाकघराच्या फडताळात शेकडो माणसांची नावं पडून होती. मला झोप लागायची नाही. तुला लगेच लागायची. उशाला वही आणि घोरत पडायचीस.

आता तू गेल्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगतो. तू दवाखान्याच्या शवागारात होतीस. कागद व्हायचे होते, मग विमान. आपली सावित्री पुण्याहून रडत फोनवर होती, तिला मी म्हणालो, बाळ, तू तिथंच थांब, आईला घेऊन मीच येतो. बापट साहेब सकाळी सातलाच आले. तुझ्या कागदांसाठी आदल्या दिवसापासून तेच पळत होते, हे मी लिहिलंच पाहिजे. घरून उपमा आणला होता. सोफ्यावर बसून ते मला कुठं कुठं सह्या लागतील ते सांगत होते. नेहा चहा करत होती.

तेवढ्यात तुझा मोबाइल वाजला. मी उचलला.

"मावशी, संतोष बोलतोय, कॅम्पातून. आमच्या रूममधला दत्ता काल साइटवर पडला. दवाखान्यात आहे, शुद्ध नाही. त्याचा फोन लॉक आहे. घरचा नंबर कुणाकडंच नाही. तुमच्या वहीत असेल ना?"

मावशी नाही, हे त्याला सांगायला मला जमलं नाही. बघतो म्हणालो. नेहानं फडताळातून वही काढून दिली, तिला जागा माहीत होती. दत्ता मिळाला. तुझ्या गोल अक्षरात नाव, गाव निलंग्याच्या पलीकडचं, वडिलांचा नंबर, शेजारच्या किराणावाल्याचा नंबर. आणि खाली बारीक लिहिलेलं, "वडिलांना कमी ऐकू येते. मोठ्याने बोलावे."

बापट साहेबांना कळलं होतं. ते हळूच म्हणाले, "खोत, आज नको. आजच्या दिवशी तुम्ही यात पडू नका. कंपनी कळवेल."

"आठ दिवसांनी?" मी म्हणालो.

 मी नंबर लावला. बराच वेळ वाजला. मग एक म्हातारा आवाज आला.

"कोन बोलायलाव?"

मी दोहातून बोलतोय म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो. दत्ता कामावर पडला, दवाखान्यात आहे, मी आत्ता तिकडं निघतोय. तू कसं सांगायचीस मला माहीत नाही. तू आधी घरात शेजारी कोण आहे ते विचारायचीस. ते मला नंतर आठवलं. मी आपलं सरळ सांगून टाकलं.

 मग ते म्हणाले, "लेकरू जित्तं हाय का?"

"सकाळपर्यंत आहे," मी ओरडलो. दुसरं काय सांगू? मला तेवढंच माहीत होतं, आणि एका दिवसात किती फरक पडतो ते मी आदल्या दुपारी बघितलं होतं.

"तुमी कोन? कंपनीचे का?"

"नाही."

"मग कोन? थांबा, लिहून घेतो. ए पोरी, पेन आन. हां. नाव सांगा."

सोफ्यावर साहेब खाली बघत होते.  मी नाव सांगितलं. ऐकू आलं नाही म्हणाले. मग मी छाती भरून घेतली आणि सगळ्या बिल्डिंगीला ऐकू जाईल असा ओरडलो, पांडुरंग ज्ञानू खोत. मग कंपनीचं नाव सांगितलं. मग घराचा पत्ता. मग खिशातून बताका काढला आणि त्याच्यावरचा नंबरही वाचून दाखवला, एकेक आकडा, तो म्हातारा लिहून होईपर्यंत थांबत थांबत.